वजन कमी करायचंय? आधी सोबतीण शोधा



या वेळी आरोग्याच्या पानावर वजनाविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा दवाखान्यात नर्सची नोकरी करत होतो. आमच्याच वस्तीतली एक मावशी गुडघे दुखतात म्हणून आली. पन्नाशीच्या आसपासची, चार घरची धुणीभांडी करणारी. बीपीच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'वजन कमी करा.' पुढचं काम आम्ही केलं. सगळ्या रांगेसमोर तिला म्हणालो, "मावशी, किती वाढलंय बघा! भात बंद करा, रोज चालायला जा, नाहीतर गुडघे गेलेच समजा." मावशी ओशाळून हसली, कागदाची घडी केली आणि निघून गेली.

नंतर ती आलीच नाही. आली ती आठ-नऊ महिन्यांनी, उजवी बाजू लुळी पडल्यावर. पोरांनी रिक्षात घालून आणली. बीपीच्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. तिची लेक म्हणाली, "सिस्टर, आई यायला तयारच नव्हती. वजन तर उतरलं नाही, आता परत सगळ्यांपुढे बोलणी खायची का, म्हणायची."

मावशीला लकवा वजनामुळेच झाला असं आम्ही म्हणत नाही. गोळ्या सुटल्या, बीपी हाताबाहेर गेलं. पण गोळ्या का सुटल्या, तर आमच्या बोलण्याच्या भीतीने. त्या दिवशी आम्हाला कळलं की वजन कमी करा असं सांगणं सोपं असतं, पण ते करताना माणसाच्या सोबत कोण आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. हा लेख त्या सोबतीबद्दल आहे.

किती वजन म्हणजे जास्त?

दिसायला जाड म्हणजे आजारी आणि बारीक म्हणजे निरोगी, असा हिशेब नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपली बाळं जन्मताना वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. मोठेपणीही तसंच दिसतं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या वस्तीत किती दिसतात बघा. पोटावरची चरबी शुगर आणि बीपीला बोलावणं धाडते. म्हणून आपल्या लोकांसाठी डॉक्टरांनी मापं कमी धरली आहेत.

शिवणाची टेप घ्या. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाभोवती धरा, श्वास सोडून माप घ्या. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास वर असेल, तर सावध व्हायचं. वजनाचं बोलायचं तर १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईचं वजन ५२ किलोच्या वर गेलं की ते जास्त धरतात आणि ५६ च्या वर गेलं की लठ्ठपणा.

आकडे वाचून घाबरू नका. ७० किलोच्या बाईने ५२ वर यावं, असं कोणी सांगत नाही. आहे त्या वजनाच्या १०० भागांतले ५ भाग जरी उतरले, म्हणजे ७० चे साडेसहासष्ट झाले, तरी बीपी आणि शुगरवर चांगला परिणाम दिसू लागतो. गुडघ्यांवरचा भारही हलका होतो. साडेतीन किलो! एवढं ध्येय धरलं तरी पुष्कळ आहे.

एकटीला का जमत नाही?

"मनावर घेतलं की सगळं होतं," असं लोक म्हणतात. मनावर घेणाऱ्या कितीतरी बाया आम्ही पाहिल्या. सोमवारी सुरुवात, गुरुवारी बंद. त्या आळशी असतात का? पहाटे चारला उठून पाणी भरणारी, तीन घरची कामं करून रात्री अकराला आडवी होणारी बाई आळशी कशी असेल?

तिच्या पुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतात, डाळ आणि भाजी विकत आणावी लागते, म्हणून ताटात भाताचा ढीग आणि पातळ कालवण. कामाच्या घरी दिलेलं शिळं गोडधोड 'टाकवत नाही' म्हणून खाल्लं जातं. घरात पोरांच्या ताटात उरलेलंही तीच संपवते. भूक मारायला दिवसातून चार-पाच वेळा चहा. चालायला जावं तर गल्लीत जागा नाही, मोठ्या रस्त्यावर एकटीने जायची भीती, आणि कोणीतरी बोलतंच, "आता हिरोईन व्हायचंय काय?"

शिवाय आपल्या घरांत भुकेची आठवण आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या खडी फोडायला गेल्या. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यांच्यासाठी भरलेलं अंग म्हणजे सुखाची खूण. म्हणून आज सून भात कमी घेते म्हणाली की सासूच्या पोटात कालवतं. "घरात काही कमी आहे का?" ती विचारते. ते तिचं प्रेमच असतं, पण सुनेचा निश्चय तिथे गळून पडतो.

आणि एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये १०० पैकी २४ जणींचं वजन जास्त आढळलं, आणि १०० पैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. वजन जास्त आणि रक्त कमी, दोन्ही एकाच बाईत असू शकतं. अशा बाईला "खाणं बंद कर" म्हणणं म्हणजे तिला आजारी पाडणं. तिला पोटभर, पण वेगळं खायचं आहे. हे एकटीने घरादारावर मात करून साधणं अवघड असतं.

राजा प्रसेनजिताने काय केलं?

संयुक्त निकायात कोसलाचा राजा प्रसेनजित, पालीत ज्याला पसेनदी म्हणतात, त्याची गोष्ट आहे. राजा भरमसाट जेवायचा. एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची अवस्था ओळखली. त्यांनी त्याला हसलं नाही, दरबारासमोर फटकारलं नाही. जेवताना भान ठेवावं, मात्रा ओळखावी, अशा आशयाची एक गाथा तेवढी सांगितली.

पुढे राजाने जे केलं ते आपल्या कामाचं आहे. त्याच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि माझ्या जेवणाच्या वेळी रोज म्हणत जा. त्यासाठी त्याला रोजचे १०० कार्षापण लावून दिले. राजा हळूहळू कमी जेवू लागला, अंगाने हलका झाला आणि आनंदित झाला.

बघा, राजाला उपदेश मिळाला होता, बुद्धांच्या तोंडून मिळाला होता. तरी ताटावर बसल्यावर आपल्याला त्याचा विसर पडणार, हे त्याने ओळखलं. म्हणून आठवण करून देणारं माणूस त्याने जवळ ठेवलं. यात त्याला कमीपणा वाटला नाही. राजाला जर सोबत लागली, तर आपल्याला लागली यात लाज कसली?

ही झाली अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. अलीकडची सांगायची तर अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या जीन नायडेच या गृहिणीची. वजन ९७ किलोच्या आसपास. सरकारी दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला होता, पण ती लपून बिस्किटं खायची आणि कोणाला सांगायची नाही. १९६१ साली तिने आपल्यासारख्याच सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांची गोष्ट कबूल केली. मग त्याही बोलत्या झाल्या. दर आठवड्याला बैठक होऊ लागली आणि पुढे त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली.

डॉक्टरांचे अभ्यासही हेच सांगतात. अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी दिली. दुसऱ्या गटाला आहार आणि चालणं शिकवलं आणि प्रत्येकामागे नियमित भेटणारा एक मार्गदर्शक दिला. औषध नसलेली दिखाऊ गोळी दिलेल्या गटाच्या तुलनेत गोळीवाल्यांमध्ये शुगरचा आजार ३१ टक्क्यांनी कमी झाला आणि मार्गदर्शक मिळालेल्यांमध्ये ५८ टक्क्यांनी.

आमचा रविवारचा गट

मावशीच्या लेकीनेच पुढाकार घेतला. तिचंही वजन वाढत होतं, आईचं पाहून ती घाबरली होती. आमचंही नर्सच्या रात्रपाळ्यांनी वाढलेलंच होतं. दुसऱ्यांना रागावणारे आम्ही स्वतः काट्यावर उभं राहायला तयार नव्हतो. अशा आम्ही सात जणी जमलो. विहाराच्या कमिटीला विचारलं, रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास जागा मिळाली. वर्गणी काढून एक वजनकाटा घेतला. पहिल्याच दिवशी हे नियम ठरवले:

१. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, ठरलेल्या वेळी. रोज काट्यावर चढायचं नाही. पाणी, पाळी, मीठ यांनी रोज किलोभर इकडेतिकडे होतं आणि उगाच जीव खट्टू होतो.

२. आकडा आपल्या वहीत. मोठ्याने कोणाचाही वाचायचा नाही. "किती उतरलं?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "हा आठवडा कसा गेला?"

३. हसायचं नाही, टोमणा नाही. गटातलं बोलणं नळावर न्यायचं नाही.

४. प्रत्येकीची एक सोबतीण. रोज संध्याकाळी एकीने दुसरीला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे 'मी चालून आले'. दोन रिंगा म्हणजे 'आज जमलं नाही, बोलायचंय'. यात एक पैसाही जात नाही.

५. एका वेळी एकच बदल. तो अंगवळणी पडला की दुसरा.

६. प्रत्येकीने पहिल्या पानावर कारण लिहायचं. 'बारीक दिसायचं' असं लिहिलेलं लवकर विरतं. एकीने लिहिलं, 'कळशी घेऊन जिना चढताना दम लागू नये.' दुसरीने लिहिलं, 'नातवाला कडेवर घ्यायचंय.' जिला लिहिता येत नव्हतं, तिने नातवाचा फोटो चिकटवला.

चालायला आम्ही पहाटे चौघी-चौघींनी जाऊ लागलो. एकटीला भीती वाटायची तो रस्ता चौघींना मोकळा झाला. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं पुरतं. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. सलग अर्धा तास नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. गुडघे दुखणारी बाई खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचे व्यायाम करते, तिलाही गट तेवढाच मान देतो.

ताटात काय बदललं?

आम्ही वेगळं काही विकत आणलं नाही. पहिला बदल चहाचा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे पाच चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. आम्ही आधी दोनाचा दीड चमचा केला, पंधरवड्याने एक. चहा सोडला नाही.

मग तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर, पाच माणसांच्या घराला अडीच लिटर. महिन्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवलं की आपोआप हात आखडतो.

मग ताट. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात भात किंवा भाकरी, पाव ताटात डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी. तांदुळजा, शेपू, अंबाडी, मुळा, बाजारात जे स्वस्त ते. मोड आलेली मटकी स्वस्त आणि पोटाला आधार देणारी. सुकट, बोंबील चांगले, पण बीपी असेल तर मीठ काढायला दोनदा धुऊन घ्यायचे. भात बंद कोणी केला नाही. एक वाटी मोजून घेतला.

सातवाजता घरी परतताना वडापावची गाडी लागते, ही सगळ्यांची अडचण. एकीने उपाय काढला, पिशवीत मूठभर फुटाणे. दुपारी चारला ते खाल्ले की गाडीसमोरून जाताना पाय तेवढे ओढत नाहीत.

घरच्यांना कसं सामील करायचं?

सासूशी वाद घालू नका, तिला काम सोपवा. आमच्यातल्या एकीने सासूला सांगितलं, "आई, डॉक्टरांनी बीपी सांगितलंय. माझ्या ताटातला भात तुम्हीच वाढा, एक वाटी. मला मोजायचं भान राहत नाही." सासूला मान मिळाला आणि तीच राखण करू लागली. राजाचा सुदस्सन घरातच सापडला म्हणा ना!

नवऱ्याला आणि पोरांना वेगळं जेवण करू नका, तेल-साखर सगळ्यांचीच कमी करा. पुरुषांनीही टेप लावून बघावी. दारू आणि सोबतचा चखणा पोट वाढवतात, हे आम्ही नवं सांगायला नको. पण लहान मुलांना 'डाएट' लावू नका आणि "जाड्या", "ढोली" म्हणून चिडवू नका. ती नावं आयुष्यभर बोचतात.

वजन अडतं तेव्हा

पहिल्या महिन्यात काटा भराभर उतरतो, मग दोन-दोन महिने हलत नाही. बहुतेक जणी इथेच सोडतात. असं का होतं? शरीर हलकं झालं की त्याला कमी अन्न पुरतं, म्हणून तेवढ्याच जेवणावर वजन थांबतं. यात तुमची चूक नाही. अशा वेळी टेप लावा, कधी कधी वजन तेच असतं आणि कंबर कमी झालेली असते. ब्लाउज सैल झाला का, जिन्यात दम कमी लागतो का, झोप नीट लागते का, तेही वहीत लिहा. मग चालण्यात दहा मिनिटं वाढवा.

बुद्ध पौर्णिमेला खीर खायची, लग्नात जेवायचं. वाटीभर खीर खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. हे काही उपासाचं व्रत नाही की एकदा मोडलं की सगळं फुकट. दुपारी चुकलं तर रात्रीचं जेवण नेहमीसारखं. पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही. आणि चुकलं ते सोबतिणीला सांगायचं. सांगितलं की ओझं उतरतं, लपवलं की आणखी खाल्लं जातं.

सहा महिन्यांनी आमच्यातल्या एकीचे सहा किलो उतरले, बाकीच्यांचे दोन ते चार. एकीचं काहीच उतरलं नाही, पण तिचं बीपी तपासणीत पहिल्यांदा ताब्यात आलं. टाळ्या तिलाच सर्वांत जास्त मिळाल्या. एक जण मधूनच यायची थांबली. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, वजनाचं काही बोललो नाही, चहा पिऊन आलो. तिसऱ्या रविवारी ती आली.

हे मात्र सांभाळा

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण एकदम कमी करू नका. शुगर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. आधी डॉक्टरांना विचारा. वजन उतरलं म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन कमी करण्याच्या मागे लागू नये.

काही न करता वजन वाढत असेल, पाळी अनियमित असेल, खूप थकवा असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. प्रयत्न न करता वजन भराभर उतरत असेल तर आनंद मानू नका, तेही दाखवा. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा.

महिनाभरात दहा किलो उतरवणारी पावडर, चहा, पट्टे वस्तीत विकायला येतात. महिन्याला दोन किलो, एवढाच सुरक्षित वेग धरा. पावडरच्या एका डब्याच्या पैशात घराला महिनाभर अंडी येतात. सध्या वजनाच्या इंजेक्शनांची चर्चा आहे. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत, कोणाच्या सांगण्यावरून घ्यायची नाहीत.

मावशीची हजेरी

मावशी आता काठी टेकत चालते. उजवा हात पूर्ण आला नाही, बोलणं थोडं अडखळतं. रविवारी लेकीबरोबर येते आणि विहाराच्या पायरीवर बसते. कोण आलं, कोण नाही, तिच्या बरोबर लक्षात असतं. न आलेल्या बाईच्या दारात ती दुसऱ्या दिवशी काठी वाजवते आणि एवढंच विचारते, "काल आली नाहीस. बरी हायेस ना?"

आम्ही दवाखान्यात तिला जे विचारायला हवं होतं, ते हेच होतं.

तुमच्या वस्तीतही विहार आहे, महिला मंडळ आहे, बचत गट आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर शेजारणीला विचारा, "माझ्यासंगं चालायला येतीस का?" दोघी झाल्या की गट झाला.

जयभीम!